मस्टरवरचा बदली

सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोन ते पाच या वेळेत कुणी कुणाला फोन करत नाही. केलाच तर समजायचं, कुठेतरी काहीतरी पेटलंय. मला तसा फोन आला तीन वाजून दहा मिनिटांनी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून. टॉवेल-चादरीच्या एका ठोक व्यापाऱ्याचं बिलिंग, मालसाठा, उधारी असं सगळं ज्या सर्व्हरवर चालतं तो सर्व्हर मी सांभाळतो. पलीकडे बिलिंगच्या ताई होत्या. "सर, सगळं थांबलंय. स्क्रीनवर नुसतं गोल फिरायलंय." मागून कुणीतरी ओरडलं, "एसी पण बंद हाय म्हणून सांगा की!"

एसी रात्रीच बंद पडला होता आणि ते कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. सर्व्हरची खोली पत्र्याच्या शेडला चिकटून आहे. बाहेर त्रेचाळीस अंश असताना आत किती असेल याचा हिशेब करण्यात अर्थ नव्हता. डिस्कचा कंट्रोलर गेला होता. लग्नसराईचे दिवस, आहेराच्या टॉवेल-टोपीपासून रुखवतातल्या चादरीपर्यंत सगळ्याला मागणी, दारात दोन टेम्पो उभे.

मी घाबरलो नाही, हे कबूल करतो. उलट जरा फुशारलोच. कारण आमच्याकडे 'बदली' होता.

बदली म्हणजे आमचा दुसरा सर्व्हर. पुस्तकी भाषेत स्टँडबाय. तो नवी पेठेतल्या ऑफिसात एका लाकडी कपाटाशेजारी चौदा महिने गुपचूप बसून होता. एमआयडीसीतल्या सर्व्हरवर जे काही लिहिलं जाई ते पाठोपाठ त्याच्याकडे जाई. हा सगळा डेटा पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये असतो, आणि त्यात २०१० पासून, म्हणजे ९.० या आवृत्तीपासून, ही सोय आहे: मुख्य सर्व्हर प्रत्येक बदलाची नोंद आधी एका रोजनाम्यात करतो आणि दुसरा तो रोजनामा वाहता ठेवून आपल्याकडे जसाच्या तसा उतरवत राहतो. दुसऱ्याकडे फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. रोज सकाळी मी एकच आकडा बघत असे, बदली किती बाइट मागे आहे. रोज उत्तर शून्य. शून्य बघून चहा गोड लागायचा.

'बदली' हे नाव मी ठेवलं ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. गिरणीत बदली कामगार होते. त्याबद्दल पुढे सांगतो.

नवी पेठेत पोचलो, बदलीला बढती दिली, म्हणजे त्यालाच मुख्य सर्व्हर केलं. ती देण्याची आज्ञा एका ओळीची आहे आणि तिला मिनिटभरही लागत नाही. बिलिंगच्या संगणकांना नवा पत्ता दिला. ताईंचा फोन आला, "चालू झालं सर." मालकांनी फोन स्वतःकडे घेऊन "ह्याला म्हणतात व्यवस्था!" असं मोठ्यानं म्हटलं, ते बहुधा शेजारी बसलेल्या कुणाला तरी ऐकवायला. मी उसाचा रस मागवला.

रस यायच्या आत दुसरा फोन. "सर, बिल निघतंय, पण पार्टीचं नाव शोधलं की लाल पट्टी येतीय. फंक्शन सापडत नाही म्हणतंय."

आता हा शोध काय आहे ते सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच होतं. पार्ट्यांची नावं इंग्रजी अक्षरांत भरलेली आहेत. गावाचं दैवत सिद्धेश्वर, त्यामुळे त्या नावाच्या पार्ट्या ढिगानं. कुणी त्यात एक डी लिहितो, कुणी दोन, कुणी एच विसरतो, कुणी व्हीच्या जागी डब्ल्यू. अक्षरन् अक्षर जुळवून शोधलं तर बिलिंगवाल्याचा दिवस त्यातच जाईल. म्हणून या प्रणालीत पीजी-टीआरजीएम नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे डेटाबेसला वरून जोडायचं सामान, वापरलंय. ते नावाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडतं आणि दोन नावांत किती तुकडे समान आहेत त्यावरून साम्य ठरवतं. शब्दाआधी दोन आणि शब्दानंतर एक मोकळी जागा धरायची. इंग्रजीत लिहिलेल्या पाटीलचे सहा तुकडे होतात, पटेलचेही सहा. सुरुवातीचे तीन सारखे, उरलेले वेगळे. एकूण निरनिराळे नऊ. नवात तीन, म्हणजे ०.३३. उंबरठा मुळात ०.३ असतो. त्यामुळे पाटील शोधले की पटेलही दारात येऊन उभे राहतात. ताईंना याची सवय झालीय. "आमच्याकडं पाटील-पटेल जोडीनंच येतात," असं त्या नव्या पोरांना सांगतात.

तर हे साम्य मोजणारं फंक्शन बदलीवर सापडत नव्हतं.

इथे मी पहिली चूक केली. स्क्रीनवरच्या मराठी वाक्यावर विश्वास ठेवला. 'फंक्शन सापडत नाही' असं म्हटलं की या धंद्यातला कुणीही आधी एकच गोष्ट बघतो: फंक्शन दुसऱ्या स्कीमात, म्हणजे डेटाबेसच्या दुसऱ्या कप्प्यात, पडलंय आणि शोधायची वाट, म्हणजे सर्च पाथ, चुकलीय का. बहुतेक वेळा तेच असतं. वीस मिनिटं मी तेच करत बसलो. वाट बरोबर होती. फंक्शनांची यादी मागवली, तर त्यात ते ठळकपणे हजर; दोन मजकूर घेतं, एक आकडा देतं, सगळं व्यवस्थित. एक्स्टेन्शनांची यादी मागवली. तिथेही पीजी-टीआरजीएम आहेच. म्हटलं, पुन्हा बसवून बघू. त्याचं उत्तर: आधीपासूनच आहे.

घरात माणूस आहे असं शेजारी सांगतात, रेशनकार्डावर नाव आहे, पण हाक मारली की ओ येत नाही. तशी गत.

मग मनात आलं, काढून टाकू आणि नव्यानं बसवू. काढायची आज्ञा दिली. पोस्टग्रेसनं नकार दिला: याच्यावर इतर वस्तू अवलंबून आहेत. आणि खाली त्याच्या नेहमीच्या मदतशील स्वभावानुसार सूचनाही दिली, की त्या वस्तूंसकट काढायचं असेल तर शेवटी कॅस्केड लावा. मी लावला. बोट एंटरवर होतं. तेवढ्यात रसवाला पोरगा ग्लास घेऊन आला आणि सुट्टे पैसे मागायला लागला.

त्या पोराचे माझ्यावर उपकार आहेत. कॅस्केडनं काय गेलं असतं? पार्ट्यांच्या नावांवरचा इंडेक्स, ज्याच्या जिवावर शोध डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. तो आणि एक्स्टेन्शन दोन्ही. आणि पुन्हा बसवायला गेलो असतो तर ते बसलंच नसतं, कारण बसवायला लागणारं सामान त्या मशीनवर मुळात नव्हतं. हे मला अजून माहीत नव्हतं. सुट्टे शोधता शोधता इतकंच सुचलं की आपण अजून सर्व्हरचा लॉग, म्हणजे तो स्वतःच्या चुका जिथे लिहितो ती फाईल, उघडलेलाच नाही. लाल पट्टीतलं मराठी वाक्य तर प्रणाली लिहिणाऱ्यानं स्वतःच्या अंदाजानं घातलेलं होतं. पाच प्रकारच्या चुकांना त्यानं एकच वाक्य लावून ठेवलं होतं.

लॉगमध्ये खरं वाक्य होतं: कुड नॉट ॲक्सेस फाईल. पुढे डॉलर-लिबडिर, तिरकी रेघ, पीजी-टीआरजीएम. नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. म्हणजे 'फंक्शन नाही' असं सर्व्हर म्हणतच नव्हता. तो म्हणत होता, फंक्शन माहीत आहे, पण ते ज्या फाईलमध्ये राहतं ती फाईल कुठाय?

पोस्टग्रेसच्या पोटात फंक्शनांची एक नोंदवही असते. तिच्यात या फंक्शनची ओळ काढून बघितली. दोन रकाने महत्त्वाचे. एकात नाव: सिमिलॅरिटी. दुसऱ्यात पत्ता: लायब्ररीच्या फोल्डरात पीजी-टीआरजीएम नावाची फाईल. बस्स. फंक्शनची अक्कल त्या वहीत नाही. ती सी भाषेतून तयार केलेल्या फाईलमध्ये आहे, आणि ती फाईल डेटाबेसच्या बाहेर, ऑपरेटिंग सिस्टिमच्या फोल्डरात असते. स्टँडबायकडे जातो तो डेटा फोल्डर: तक्ते, इंडेक्स, नोंदवह्या. नोंदवही गेली, तिच्यातला पत्ता गेला, इंडेक्सही पानन् पान गेला. पत्त्यावरचं घर गेलं नाही. ते कुणी नेणार नव्हतंच. ते ज्याचं त्यानं बांधायचं असतं.

लायब्ररीचं फोल्डर उघडलं. मोजक्या फाईली. पीजी-टीआरजीएम नाही. आणि क्षणात चौदा महिन्यांपूर्वीची रात्र आठवली. मीच हा बदली उभा केला होता. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर पोस्टग्रेसचं सर्व्हर पॅकेज वेगळं आणि कॉन्ट्रिब नावाचं जोडसामानाचं पॅकेज वेगळं येतं. मी सर्व्हर बसवला, मुख्य मशीनवरून बेसबॅकअप, म्हणजे डेटा फोल्डरची पहिली पूर्ण नक्कल, ओढला, रोजनामा वाहायला लागला, आकडा शून्यावर आला, दिवा मालवून घरी गेलो. कॉन्ट्रिब राहिलं. डेबियन-उबंटूवर असतो तर हे घडलं नसतं. तिथे पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून कॉन्ट्रिबचं सामान सर्व्हर पॅकेजातच येतं. पण ही पळवाट झाली. यादी करायला हवी होती, केली नाही.

मला जास्त छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. चौदा महिने हा पठ्ठ्या त्या इंडेक्समध्ये रोज भर घालत होता. नव्या पार्टीचे तुकडे, जुन्या पार्टीचे बदल, सगळं. त्यासाठी फंक्शनची गरजच पडत नाही, कारण रोजनामा उतरवणं म्हणजे 'या पानावर इथे हे लिही' एवढंच. तुकडे का पाडले, कसे पाडले, हे कळायची आवश्यकता नाही. दुसऱ्याच्या वहीतलं गणित उतरवून काढणाऱ्या पोरासारखं. वही स्वच्छ, उत्तरं बरोबर, आणि फळ्याजवळ बोलावलं की खडू हातात घेऊन उभा.

दुरुस्ती सांगण्यासारखी नाही. ते मशीन इंटरनेटला जोडलेलं नव्हतं, म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट दिला. सर्व्हरची जी नेमकी आवृत्ती होती त्याच आवृत्तीचं कॉन्ट्रिब मागवलं. नुसतं 'कॉन्ट्रिब दे' म्हटलं असतं तर पॅकेज आणणारा प्रोग्रॅम नवीनतम घेऊन आला असता आणि भर बिलिंगमध्ये सर्व्हरचीही आवृत्ती हलवायला निघाला असता. फाईल जागेवर आली. सर्व्हर बंद-चालूसुद्धा करावा लागला नाही. फंक्शनला हाक मारली की पोस्टग्रेस तेव्हाच फाईल उघडतो, त्यामुळे पुढच्या हाकेला ओ आली. ताईंनी पाटील शोधले. पटेलांसकट आले. सहा वाजता टेम्पो सुटले.

मालकांना मी "एक पॅकेज राहिलं होतं" असं सांगितलं. ते म्हणाले, "पॅकिंगमध्ये राहतंच." मी तो गैरसमज दूर केला नाही.

रात्री घरी आलो तेव्हा अण्णा गॅलरीत बसले होते. आमच्याकडे त्या दिवशी नळाला पाणी होतं. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी भरून ठेवण्याचं खातं त्यांच्याकडे आहे. पिंपं, घागरी, वरची टाकी, सगळं भरून झाल्यावर ते असे समाधानानं बसतात. विचारलं, "एवढा का उशीर?" मी सांगायला लागलो. अण्णांना मी कामाचं सांगतो तेव्हा संगणक मधून काढून टाकतो. म्हटलं, तुमच्या गिरणीसारखं झालं. कायमचा माणूस आजारी पडला, बदलीला आत घेतलं, मस्टरवर त्याचं नाव होतं, पण त्याला ते काम येत नव्हतं.

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "माझं तसंच झालतं की एकदा."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. बदली कामगारानं रोज भोंग्याच्या आधी गेटावर जाऊन उभं राहायचं, हे माहीत होतं. कायम कामगारांत कुणाचा खाडा पडला तर जॉबर नाव पुकारायचा. नाही पुकारलं तर डबा तसाच घेऊन घरी. हेही माहीत होतं. अण्णांचा हात साध्या मागावर बसला होता. एके दिवशी जॉबरनं नाव पुकारलं आणि पाठवलं डॉबीच्या मागावर, जिथे काठाची नक्षी निघते. तिथे मागाच्या वर लाकडी पट्ट्यांची एक साखळी फिरत असते. पट्ट्यांत खुंट्या ठोकलेल्या. कुठली खुंटी कुठे, त्यावरून कुठले उभे धागे उचलायचे ते ठरतं. धोटा तसाच, फणी तशीच, तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची तऱ्हा तीच. "तासभर कळलंच नाही की मला येत न्हाई," अण्णा म्हणाले. "माग चाललेला, कापड निघायलंय, मी उभा. मग साखळीनं एक पट्टी टाकली. काठ बिघडला. आता माग थांबवून साखळी मागं घ्यायची असती, किती घ्यायची ते कापड वाचून ठरवायचं असतं. मला कापड वाचता येईना."

"मग?"

"मग काय. शेजारच्या मागावरचा माणूस आला. त्यानं घेतली. मी पाळी संपेपर्यंत गाठी मारल्या."

"हजेरी?"

"लागली की! नाव पुकारलं होतं न्हवं."

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "तुझ्या बदलीला तू कधी काम दिलतास का त्याआधी?"

मी नाही म्हटलं. चौदा महिन्यांत एकदाही नाही. तो किती मागे आहे एवढंच बघत होतो.

"मग तो बदली कसला," अण्णा म्हणाले. "आम्ही रोज गेटावर जायचो. महिन्यातनं आठ-दहा दिवस तरी काम मिळायचं. त्याच्यावर तर हात राहायचा." आणि पाण्याची मोटर बंद करायला उठले.

त्यानंतर बरेच दिवस हे डोक्यात होतं, आणि त्या निमित्तानं काही गोष्टी नव्यानं कळल्या. पोस्टग्रेसचा जन्मच मुळी या कल्पनेतून झाला की डेटाबेसला बाहेरून नव्या गोष्टी शिकवता याव्यात. बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली काम सुरू केलं तेव्हापासून नवे प्रकार, नवी फंक्शनं वापरणाऱ्यानं जोडावीत हा हेतू होता. ज्याच्यामुळे ते थोर आहे, त्याच दारातून माझी चूक आत आली. एका आज्ञेनं एक्स्टेन्शन बसवायची सोय तर २०११ मध्ये, ९.१ या आवृत्तीत आली. त्याआधी लोक लांबलचक स्क्रिप्ट हातानं चालवत. कटकट होती, पण प्रत्येकाला ठाऊक असे की आपण काय काय जोडलंय. सोय झाली आणि आठवण गेली.

आणि एक. माझ्याकडे स्टँडबायऐवजी पीजी-डंपनं काढलेला साधा बॅकअप असता, तर तो कोऱ्या मशीनवर परत चढवताना पहिल्या काही ओळींतच बोंब मारली असती. त्यात एक्स्टेन्शनचं पोट नसतं, 'हे एक्स्टेन्शन तयार कर' एवढी एक ओळ असते; सामान नसेल तर ती ओळ तिथेच अडते. गंमत म्हणजे मुख्य सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, सुरू होतानाच लोड करायच्या यादीत, कॉन्ट्रिबमधलं एखादं नाव असतं, समजा पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स, तर त्याच रात्री बदली उभाच राहिला नसता. आमच्याकडे ती सेटिंगची फाईल डेटा फोल्डरातच असल्यानं बेसबॅकअपबरोबर आली असती आणि सर्व्हरनं सुरू व्हायला नकार दिला असता. मी चिडलो असतो, कॉन्ट्रिब बसवलं असतं, आणि हा लेख लिहिला नसता. भांडखोर सुनेचं घरात सगळ्यांना कळतं. मुकाट्यानं सोसणारीचं दुखणं डॉक्टरकडे न्यायच्या दिवशी कळतं, असं आमची आजी म्हणायची. ती स्वतः भांडखोर होती हे वेगळं.

आता मी काय करतो? मुख्य मशीन दुरुस्त होऊन आलंय, ते पुन्हा कायम कामगार आहे आणि नवी पेठेतला पुन्हा बदली. दोन्हींवरच्या पॅकेजांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून बघतो. ऑपरेटिंग सिस्टिमही एकच ठेवलीय. त्यालाही कारण आहे: २०१८ मध्ये जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीनं शब्दांचा क्रम लावायचे नियम बदलले, आणि एका मशीनवर जुनी, दुसऱ्यावर नवी अशी जोडी असेल तर मजकुरावरचे इंडेक्स तिकडे चुकीची उत्तरं देऊ शकतात. तेही असंच, आवाज न करता.

नोंदवहीतली एक्स्टेन्शनं आणि मशीनवर प्रत्यक्ष उपलब्ध असलेली एक्स्टेन्शनं, अशा दोन याद्या पोस्टग्रेसच देतो. एक डेटाबेसमधून वाचतो, दुसरी डिस्कवरच्या फाईलींमधून. पहिलीत आहे आणि दुसरीत नाही असं नाव निघालं की समजायचं. पण माझा आता याद्यांवर भरवसा राहिलेला नाही. म्हणून रोज सकाळी साडेसहाला एक छोटी स्क्रिप्ट बदलीला काम देते. स्टँडबायवर वाचायचं काम चालतं, त्यामुळे कुणाला बढती द्यायला लागत नाही. ती त्याला विचारते: पाटील आणि पटेल यांच्यात साम्य किती? नोंदवहीतून नाही, मोजून सांग. तो मोजतो आणि माझ्या मोबाईलवर आकडा येतो, ०.३३३३३३३४. शेवटचा चार बघून सुरुवातीला मी दचकलो होतो. तो आकडा साठवण्याच्या पद्धतीचा गुण आहे, दोष नाही. दुसरा प्रश्न पार्ट्यांच्या खऱ्या तक्त्यावर इंडेक्स वापरून शोधाचा असतो. नाव रोज वेगळं.

अण्णांना त्याची वेळ पाठ झालीय. पेपर खाली न ठेवता विचारतात, "आला का रे तुझा बदली गेटावर?" मी आकडा वाचून दाखवतो. ते मान डोलावतात.

परवा साडेसहाला मेसेज आला नाही. पावणेसातलाही नाही. चहा अर्धा टाकून मी स्कूटर काढली आणि नवी पेठेत पोचलो, तर रस्त्यावरचे सगळे दिवे गेलेले, ऑफिसातल्या यूपीएसची बॅटरी संपलेली, बदली अंधारात कपाटाशेजारी गप्प. साडेसातला लाईट आली, तो उठला, रोजनामा वाचून मुख्य सर्व्हरच्या बरोबरीला आला, आणि पाटील-पटेलांचं उत्तर दिलं.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तासाभराचा असला तरी खाडा मांड त्याचा," म्हणाले.